अमेरिकेतल्या कॉलेजची प्लेसमेंट टेस्ट: कोणाला द्यावी लागते, कागदपत्रं कोणती

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला (मुख्यतः दोन वर्षांचे कोर्स देणारं स्थानिक कॉलेज) प्रवेश घेतला की पाठोपाठ प्लेसमेंट टेस्टचा ईमेल येऊ शकतो. ही प्रवेश परीक्षा नाही. गणित, वाचन आणि लेखनासाठी तुम्हाला थेट कॉलेज पातळीच्या वर्गात बसवायचं की आधी पायाभूत कोर्स करायला लावायचा, एवढंच तिच्यावरून ठरतं. पास-नापास नसल्यामुळे बरेच जण काहीच तयारी न करता जाऊन बसतात आणि तिथेच फसतात. पायाभूत कोर्सची फी भरावी लागते, पण त्याचे क्रेडिट सहसा डिग्रीत धरत नाहीत.

म्हणून तारीख घेण्याआधी सूट मिळते का, ते बघा. टेक्सासमध्ये एसएटी या कॉलेज-प्रवेश परीक्षेच्या गणितात 530 आणि वाचन-लेखनात 480 गुण असतील, तर त्या त्या विषयाची टेस्ट द्यावी लागत नाही. फक्त हे गुण पाच वर्षांच्या आतले हवेत. कॅलिफोर्नियात 2017 च्या कायद्यानंतर कम्युनिटी कॉलेजं टेस्टऐवजी हायस्कूलचे विषय आणि ग्रेड बघतात. आधी दुसऱ्या कॉलेजात इंग्रजी-गणिताचे कोर्स झाले असतील, तर त्यांची ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) दाखवा.

सूट नसेल तर कॉलेजच्या टेस्टिंग सेंटरची वेळ घ्यायची. सोबत फोटो असलेलं मूळ ओळखपत्र (पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स) आणि स्टुडंट आयडी नंबर हवा. टीएसआयए-2 या टेक्सासच्या प्लेसमेंट टेस्टसाठी आधी ऑनलाइन पूर्वतयारीचा भाग पूर्ण करावाच लागतो. अपंगत्वामुळे जास्तीची सोय हवी असेल, तर कॉलेजच्या डिसॅबिलिटी सर्व्हिसेस विभागाकडे कागद आधीच द्या. ऐन दिवशी सांगून काही होत नाही.

ॲक्युप्लेसर ही कॉलेज बोर्ड या संस्थेची प्लेसमेंट टेस्ट बऱ्याच ठिकाणी चालते. वाचन आणि गणिताच्या प्रत्येक भागात 20 प्रश्न, लेखनात 25, गुण 200 ते 300. वेळेचं बंधन नसतं, मात्र तुमच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड येतो आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. घरचा कॅल्क्युलेटर चालत नाही. काही प्रश्नांनाच तो स्क्रीनवर उघडतो. ज्यांचं बीजगणित सुटून वर्षं झालीत, त्यांनी अपूर्णांक आणि समीकरणं हाताने सोडवून बघावीत. कॉलेज बोर्डाचा सराव फुकट आहे.

पुन्हा टेस्ट किती दिवसांनी देता येते आणि तिची फी किती, हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं असतं. टेस्टला बसायच्या आधीच ते विचारून घ्या.