पोर्टफोलिओत आधी काय? मांडणीच्या दोन जुन्या रीती

सोलापुरातून पुण्या-मुंबईला अर्ज पाठवणाऱ्या डिझायनर मुलामुलींचे पोर्टफोलिओ बरेचदा एकाच वळणाचे असतात. आधी लोगो, मग लग्नपत्रिका, मग फ्लेक्स, शेवटी चादर-टॉवेलची लेबलं. ही प्रकारवार लावणी मुळात नमुना-पुस्तकांची.

लंडनच्या टॉमस चिपेंडेलने १७५४ मध्ये फर्निचरच्या आराखड्यांचं पुस्तक काढलं. खुर्ची हवी त्याने खुर्च्यांची पानं उघडायची. कापडात ही रीत लंडनच्या इंडिया ऑफिसमधल्या जॉन फोर्ब्ज वॉटसनने १८६६ मध्ये टोकाला नेली. हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने, १८ खंड, आणि असे २० संच! लावणी वापरानुसार: पागोट्याचं कापड, धोतर-लुंगीचं, लुगड्याचं. हे संच मुख्यतः ज्याच्यासाठी होते, त्या इंग्रज गिरणीवाल्याला विणकर कोण याच्याशी कर्तव्य नव्हतं. इथली माणसं काय नेसतात हे कळलं, की तसंच कापड तिकडे विणून इथे विकायचं होतं. (सोलापूरची जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली, ती याच बाजारात.) प्रकारवार मांडणीत माल ठसठशीत दिसतो आणि करणारा पुसला जातो, तो असा.

दुसरी रीत उद्यानं आखणाऱ्या हम्फ्री रेप्टनची, अठराव्या शतकाच्या अखेरची. दर गिऱ्हाइकासाठी तो लाल बांधणीची स्वतंत्र वही करी. चित्रावर कागदाची झडप असे. खाली असताना जागा आहे तशी, उचलली की होईल तशी. एक वही, एकच काम. आजच्या केस स्टडीचं, म्हणजे एकाच कामाची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची गोष्ट सांगण्याचं, मूळ मला इथेच दिसतं.

पुढे बिहान्स आलं, डिझायनरांनी आपली कामं मांडायची वेबसाइट. २०१२ मध्ये ते फोटोशॉपवाल्या अडोबीने घेतलं. अशा चौकटींच्या पानावर बघणारा वाटेल तिथे बोट ठेवतो. क्रमाचं बरंचसं काम मुखचित्राकडे गेलं.

नोकरीसाठी मला रेप्टनची रीत बरी वाटते. जकार्ड टॉवेलची (छिद्रांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावरच्या) एकच किनार घ्यावी: ग्राफ कागदावरची नक्षी, तिच्यावरून पंच केलेली कार्डं, मागावरून उतरलेला पहिला तुकडा, तो बघून काय बदललं ते. हे सगळ्यात आधी, फ्लेक्स गाळले तरी चालतील. टॉवेलच्या व्यापाऱ्याला पाठवायची पीडीएफ मात्र प्रकारवारच ठेवावी. तो आकार, वजन आणि दर विचारतो, नक्षी कशी सुचली ते नाही.