सुबाभूळ म्हणजे बाभूळ नव्हे

गेल्या आषाढात गावच्या गायरानात झाडं लावायला आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. रोपवाटिकेतून आलेल्या पिशव्यांच्या ढिगावर चिठ्ठी होती, 'बाभूळ'. जवळच मेंढरं घेऊन थांबलेल्या एका आजोबांनी एक रोप उचललं, देठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही बाभूळ न्हवं, पोरांनो. हिला काटा कुठाय?"

काटा खरोखरच नव्हता. ती सगळी रोपं सुबाभळीची होती. नावात बाभूळ, पानं बाभळीसारखी बारीक, फूलही गोल गोंड्यासारखं, त्यामुळे गफलत सहज होते. पण गायरानावर पुढची पन्नास वर्षं काय उभं राहणार हे त्या गफलतीवर ठरतं, म्हणून या दोघींची ओळख नीट करून घेऊ या.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण आजोबांनी सांगितलीच. बाभळीला पानाच्या बगलेत पांढरे, सरळ, जोडीजोडीने काटे असतात आणि ते कोवळ्या रोपालाही लवकर येतात. झाड जुनं झालं की वरच्या फांद्यांवरचे काटे कमी होतात, म्हणून मोठं झाड पाहताना खोडाकडे बघावं. बाभळीची साल काळपट आणि खोल भेगांची असते. सुबाभळीचं खोड करडं आणि बरंचसं गुळगुळीत.

फूल असेल तर लांबूनही कळतं. बाभळीचा गोंडा हळदीसारखा पिवळाधमक आणि मंद वासाचा, सुबाभळीचा पांढरा, वाळला की तपकिरी. सुबाभळीच्या शास्त्रीय नावातला 'ल्युकोसेफाला' हा शब्दच 'पांढऱ्या डोक्याची' असं सांगतो. बाभळीचं नाव 'निलोटिका', म्हणजे नाईलकाठची. आफ्रिकेपासून आपल्या दख्खनपर्यंत तिचं मूळ घर पसरलेलं आहे. सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची.

पण माझ्या मते खरा फरक शेंगेत आहे, आणि तो हातात घेऊनच बघायला हवा. बाभळीची शेंग माळेसारखी असते. प्रत्येक बी जणू वेगळ्या मण्यात बसवलेली, दोन मण्यांमध्ये बारीक कंबर, वर राखाडी लव. ही शेंग पिकली तरी आपोआप उघडत नाही. उन्हाळ्यात ती झाडाखाली पडते, शेळ्या-मेंढ्या ती आवडीने खातात आणि टणक बी लेंडीतून दूर कुठेतरी पडते. पोटातून जाऊन आलेली बी लवकर रुजते, म्हणून जुनी माणसं बाभळीचं बी मेंढवाड्यातून गोळा करायची. म्हणजे बाभळीची पुढची पिढी मेंढपाळाच्या वाटेने चालते. वाटेतली पुष्कळशी रोपं तीच जनावरं खुडतात, जी वाचतात त्यांची झाडं होतात.

सुबाभळीची शेंग चपटी, कागदासारखी पातळ. एकेका गाठीवर शेंगांचा घोस लटकतो. वाळली की ती दोन्ही कडांनी उकलते आणि चकचकीत तपकिरी बिया आईच्या पायाशीच सांडते. एका शेंगेत पंधरा-वीस बिया, आणि फुलं-शेंगा जवळजवळ वर्षभर. एखाद्या जुन्या सुबाभळीखाली भाद्रपदात वाकून बघा. गालिचा पसरावा तशी बोटभर रोपं उगवलेली असतात, त्यांच्यामध्ये गवताची काडी क्वचितच दिसते. काही बिया वर्षानुवर्षं मातीत दबून राहतात आणि वरचं झाड काढून ऊन पडलं की रुजतात. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केलेल्या जगातल्या सर्वांत त्रासदायक 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत सुबाभूळ आहे, त्यामागे हीच शेंग आहे.

तरीही सुबाभळीला नुसती शिवी देऊन मोकळं होणं मला पटत नाही. 1972 च्या दुष्काळाने जनावरांचे हाल ज्यांनी पाहिले, त्यांना झटपट वाढणारा हिरवा पाला म्हणजे देणगीच वाटली असणार. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी उभ्या केलेल्या 'बाएफ' या ग्रामविकासाच्या संस्थेने त्या दशकात सुबाभळीचा प्रसार केला तो याच तळमळीने. पाला प्रथिनांनी भरलेला, झाड कितीही छाटलं तरी पुन्हा फुटणारं, मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठवणारं. बाभूळही नत्र साठवते, पण एवढ्या झपाट्याने वाढत नाही. आंध्रात कागद कारखान्यांसाठी शेतकरी सुबाभूळ मुद्दाम लावतात. शेतात, बांधावर, माणसाच्या नजरेखाली आणि शेंग धरण्याआधी कापली जाणारी सुबाभूळ हे पीक आहे. तिला गायरानात, टेकडीवर, ओढ्याकाठी सोडून दिलं की गोष्ट हाताबाहेर जाते.

चाऱ्याबद्दल एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. सुबाभळीच्या पाल्यात मायमोसिन नावाचं द्रव्य असतं. घोड्या-गाढवांनी तो खाल्ला तर आयाळ-शेपटीचे केस झडतात. गाई-म्हशी-शेळ्यांच्या पोटात हे द्रव्य पचवणारे जिवाणू असू शकतात, तरी एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त सुबाभूळ देऊ नये.

बाभूळ काय देते? आमच्या आजोळच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली होती. तिच्या पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबायचे. खाली पाणी, भोवती काटे, साप-मुंगुसाला सहज पोचता येणार नाही अशी जागा. बैलगाडीच्या चाकाचे आरे, नांगर, कुळव यांसाठी सुताराला बाभळीचंच लाकूड लागायचं. सालीने कातडी कमावली जायची, काडीने दात घासले जायचे, डिंक औषधात जायचा. तिची सावली विरळ असते, म्हणून झाडाखाली गवत टिकतं आणि शेताच्या कडेला ज्वारीही बऱ्यापैकी येते. रामकाठी नावाचा तिचा एक प्रकार तर सरळ उंच, खराट्यासारखा वाढतो, तो बांधावर असला तरी पिकाला फारशी सावली पडत नाही. ही निवड शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या डोळसपणे केलेली आहे.

तिसरीचंही नाव घ्यायला हवं, कारण गोंधळ तिथेही होतो. विलायती बाभूळ, जिला बऱ्याच गावांत वेडी बाभूळ म्हणतात. कच्छमध्येही तिचं नाव 'गांडो बावळ', म्हणजे वेडीच. हिला काटे असतात, पण फूल गोंड्यासारखं नसून लांबट पिवळसर तुरा असतो आणि शेंग माळेची नसून पिवळट, सलग असते. तीही अमेरिका खंडातली. कच्छमधल्या बन्नीच्या कुरणांचा मोठा भाग तिने व्यापला आहे.

आता एक गोष्ट जी मला समजायला वेळ लागला. देशी म्हणजे कुठेही चांगली, असं नाही. आपल्याकडची हीच बाभूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सावली आणि चाऱ्यासाठी नेली गेली. तिथल्या गुरांनी शेंगा खाल्ल्या, बी दूरवर पसरली आणि आज लाखो हेक्टर गवताळ मैदानांत ती काटेरी तण म्हणून ठाण मांडून आहे. आपल्याकडेही सगळ्या मोकळ्या जमिनीवर बाभळी लावायच्या नसतात. सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या माळरानावर लांडगा, काळवीट राहतात आणि पूर्वी माळढोक पक्षीही राहायचा, तो उघड्या गवतामुळेच. त्या माळाला आपण 'ओसाड' म्हणतो, पण तो मुळात तसाच असतो आणि त्याला झाडांची गरज नसते. बाभळीची जागा काळ्या जमिनीत, ओढ्या-नदीच्या काठी, तळ्याच्या पाणथळ कडेला, बांधावर.

आमच्या गायरानात ओढ्याची एक कड आहे, वर मुरमाड उतार आहे आणि मधे गवत. आम्ही ती रोपं परत केली. जुनी सुबाभूळ आधीच वीसेक झाडं होती, ती एकदम तोडली नाहीत, कारण त्यांच्यावर घरटी होती आणि तोडलेला बुंधा शंभर फुटव्यांनी उठतो. दर महिन्याला हिरव्या शेंगा कापून जनावरांना देतो, म्हणजे बी पडत नाही. पावसात माती मऊ असताना खालची रोपं मुळासकट उपटतो. ओढ्याकाठी बाभूळ, उतारावर हिवर, खैर आणि बोर. मधल्या गवताला हात लावलेला नाही.

बाभळीचं बी त्याच आजोबांनी दिलं, मेंढवाड्यातल्या लेंडीसकट. श्रावणात त्यातली सहा उगवली. परवा पाहिलं तर दोन इंचांच्या रोपाला नखाएवढे पांढरे काटे फुटले होते. आजोबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि मेंढरं पलीकडे वळवली.