बर्नआउट करताना गाडीचा भार खरोखर मागे जातो का?

मोटार जागच्या जागी उभी आहे, दोन चाके वेगाने गरगरत आहेत आणि पांढऱ्या धुराने सारा परिसर भरून गेला आहे, अशा बर्नआउटच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. त्यांच्याखाली दोन विधाने हमखास आढळतात: धूर जितका जास्त तितके इंजिन ताकदवान, आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्नआउटला योग्य, कारण ताकद लावली की तिचा भार मागे जातो. पहिले विधान अर्धवट आहे. दुसऱ्यातील निष्कर्ष बरोबर असला तरी दिलेले कारण साफ चुकीचे आहे, आणि खरे कारण त्याहून कितीतरी सुंदर आहे.

गाडी वेग घेते तेव्हा भार मागे सरकतो, हे खरे. पुढे ढकलणारे बल रस्त्याच्या पातळीवर, टायरच्या तळाशी लागते. गाडीचा गुरुत्वमध्य मात्र रस्त्यापासून साधारण अर्धा मीटर उंच असतो. या उंचीमुळे गाडीला मागे कलंडवू पाहणारे आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, निर्माण होते, पुढची चाके हलकी होतात आणि मागची जड होतात. परंतु हे घडण्यासाठी गाडीला त्वरण असावे लागते. उभ्याने केलेल्या बर्नआउटमध्ये त्वरण शून्य असते. फिरणारी चाके गाडीला पुढे ढकलतात आणि ब्रेकने धरलेली चाके तितक्याच बलाने तिला मागे रोखतात. ही दोन्ही बले रस्त्याच्याच पातळीवर, एकाच रेषेत लागत असल्यामुळे त्यांचे एकत्रित आघूर्ण शून्य होते. गाडीचे नाक वर आलेले किंवा मागचा भाग दबलेला दिसतो, तो सस्पेन्शनच्या दांड्यांमधून बल वाहून नेले जाण्याचा परिणाम होय. फिरण्याचा वेग एकदा स्थिर झाला की चाकांखाली वजनकाटे ठेवून पाहिले, तरी ते गाडी बंद असताना दाखवतील जवळजवळ तेच आकडे दाखवतील.

म्हणजे सारा प्रश्न उभ्या गाडीचे वजन कोणत्या चाकांवर किती आहे, इथे येऊन ठेपतो. हिशेबासाठी 1000 किलोची एक गाडी घेऊ. कोरड्या रस्त्यावर न घसरणाऱ्या टायरचा घर्षणगुणांक (त्यावरील भाराच्या किती पट घर्षण मिळते, तो आकडा) 0.9 आणि घसरणाऱ्या टायरचा 0.7 धरू. रबराचे घर्षण प्रत्यक्षात तापमान, वेग आणि दाब यांनुसार बदलते. पण मुद्दा समजण्यास एवढे पुरेसे आहे.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असल्याने 600 किलो पुढे आणि 400 किलो मागे, अशी वाटणी धरता येईल. हँडब्रेक मागची चाके धरतो, म्हणून बर्नआउटची कृती इथे सोपी वाटते. परंतु पुढची चाके घसरू लागण्यासाठी 600 गुणिले 0.9, म्हणजे 540 किलोग्रॅमभार (540 किलोच्या वजनाइतके बल) लागतो, आणि मागची धरलेली चाके फार तर 360 किलोग्रॅमभार रोखू शकतात. त्यामुळे चाके गरगरण्यापूर्वीच गाडी आपली मागची चाके फरफटत पुढे निघते. क्लच झटक्यात सोडून, फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड फिरत्या चकतीत, साठलेल्या ऊर्जेच्या जोरावर चाके घसरवली, तरी पुढचा रेटा 420 उरतो आणि मागची चाकेही घसरू लागली की त्यांचा विरोध 280वर येतो. गाडी रांगते, ती यामुळे. टायरखाली पाणी ओतून पुढचे घर्षण कमी केले, तरच हे गणित जुळते.

आता इंजिन पुढे पण चालना मागच्या चाकांना, अशी गाडी घेऊ. 540 किलो पुढे, 460 मागे. मागची चाके सुटण्यासाठी 414 किलोग्रॅमभार पुरतो, तर पुढची चाके 486 पेलू शकतात. गाडी जागची हलत नाही. भार मागे गेल्यामुळे हे घडत नाही. उलट तो मागे कमी आणि पुढे जास्त असल्यामुळे घडते! अडचण उरते ती पायाच्या ब्रेकची, कारण तो चारही चाकांना लागतो आणि इंजिनाला मागच्या ब्रेकशीही झगडावे लागते. म्हणून ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे सरळ रस्त्यावर थोड्या अंतराच्या वेगशर्यतीच्या, गाड्यांत लाइन लॉक नावाची विजेवर चालणारी झडप असते. ती पुढच्या ब्रेकमधील दाब कोंडून ठेवते आणि मागची चाके मोकळी सोडते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे 1988 साली सुरू झालेल्या समरनॅट्स या मेळाव्यात बर्नआउटच्या स्पर्धा होतात, आणि तिथे मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्ही-8 (आठ सिलिंडरचे इंजिन असलेल्या) गाड्यांचेच राज्य असते.

धुराचे गणित वेगळे आहे. वरच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत घसरणाऱ्या चाकांवरचे घर्षण सुमारे 3200 न्यूटन होते. टायरचा पृष्ठभाग सेकंदाला 20 मीटर वेगाने घासला जात असेल, तर 64 किलोवॅट उष्णता निर्माण होते. घरगुती वापराचे 2 किलोवॅटचे 32 गिझर एकाच वेळी चालवावेत, इतकी. ती टायरच्या पातळ थरात आणि रस्त्यात शिरते. रबरातील तेले वाफ होऊन उडतात, रबराचे लांब रेणू तुटतात आणि ही वाफ हवेत थंड होऊन सूक्ष्म थेंब बनते. तोच तो पांढरा धूर. त्याचे प्रमाण घर्षण आणि घसरण्याचा वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. इंजिनाने तेवढी शक्ती पुरवली की पुढचे सारे टायर, रस्ता आणि वेळ ठरवतात. हा धूर श्वासात घेण्यासारखा नाही.

शर्यतीचे मऊ, गुळगुळीत टायर तापले की चिकट होतात, म्हणून ड्रॅग शर्यतीपूर्वीच्या बर्नआउटला अर्थ आहे. रस्त्यावरच्या साध्या टायरलाही असेच ‘तापवून’ पकड वाढवण्याचा सल्ला काही जण देतात, तो धोकादायक आहे. त्या टायरचे रबर अतितापले की पृष्ठभागावर तेलकट थर येतो, पकड घटते आणि नक्षीची जाडी वाया जाते.

शर्यत सुरू होताच मात्र त्वरण येते आणि भार खरोखरच मागे सरकतो. वरची 1000 किलोची गाडी गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या त्वरणाने सुटली, गुरुत्वमध्याची उंची 0.55 मीटर आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर) 2.5 मीटर असला, तर 110 किलो पुढून मागे जातात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला ही भेटच असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पकड नेमकी गरज असतानाच कमी होते. म्हणून अशा काही ड्रॅग गाड्यांना मागे लांब दांडे आणि त्यांच्या टोकाला छोटी चाके बसवलेली दिसतात. मागे सरकणारा भार त्या छोट्या चाकांवर टेकला की व्हीलबेस लांबल्यासारखा परिणाम होतो, आणि पुढच्या चाकांवरून कमी किलो निघून जातात.