स्पॅनिश फ्लू स्पेनचा नव्हताच
१९१८ ची ती महासाथ स्पेनमधून जगभर पसरली, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. नावच तसं पडलंय ना! पण त्या नावामागे आहे महायुद्धातली सेन्सॉरशिप.

त्या मार्चमध्येच अमेरिकेत, कॅन्ससच्या लष्करी छावणीत जवान तापाने आडवे झाले होते. पुढे फ्रान्समधल्या खंदकांतही तेच. मात्र लढणाऱ्या देशांत सैन्याचं मनोधैर्य खचेल असं काही छापायची सोयच नव्हती. स्पेन तटस्थ. मे महिन्यात माद्रिदच्या वर्तमानपत्रांनी साथीच्या बातम्या उघड छापल्या. राजा तेरावा अल्फोन्सो आजारी पडला, तेही छापलं. झालं! खरं सांगणाऱ्या देशाच्याच माथी रोग मारला गेला. हा अन्याय मला फार बोचतो. खुद्द स्पेनमध्ये लोक त्याला ‘नेपल्सचा शिपाई’ म्हणत, तेव्हाच्या एका गाजलेल्या गाण्यावरून.

साथ नेमकी कुठे सुरू झाली, यावर संशोधकांचं आजही एकमत नाही. आपल्याकडे १० जून १९१८ ला मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमणुकीला होता. पुढे त्या तापाला ‘मुंबईचा ताप’ असंही नाव पडलं.