मध्ययुगीन युरोपात आंघोळ नव्हती?

मध्ययुगीन युरोपावरच्या, रोजच्या साध्या कामांत रमणाऱ्या संथ लयीच्या कथांमध्ये माणसं हमखास पारोशी असतात आणि साबण कुणाला ठाऊकच नसतो. हे खरं नाही, आणि त्या लोकांवर अन्यायही आहे. पॅरिसमध्ये १२६८ च्या सुमारास स्नानगृहांचे नियम लिहिले गेले. पाणी तापल्याची आरोळी उजाडण्याआधी ठोकायला त्यात मनाई होती, कारण अंधारात निघालेलं गिऱ्हाईक लुटलं जाई. १२९२ च्या करयादीत पंचवीसेक स्नानगृहवाले सापडतात. ही स्नानगृहं ओस पडली ती बरीच नंतर, मुख्यतः सोळाव्या शतकात, साथींच्या भीतीने.

साबण तर संथ कथेसाठी सोनंच. लाकडाची राख पिंपात भरायची, वरून पाणी ओतायचं, खाली थेंबथेंब पाझरणारं तपकिरी खारं पाणी धरायचं आणि चरबीत घालून तासन्‌तास उकळायचं. हाती येई तो मऊ, लिबलिबीत, उग्र वासाचा साबण, कपड्यांना उत्तम. कडक वडीला समुद्रकाठच्या खारट झुडपांची राख आणि ऑलिव्ह तेल लागे. म्हणून उत्तरेकडे ती भूमध्य समुद्राकडून येई आणि महाग पडे. तेव्हा इंग्लंडमधल्या खेडवळ नायिकेच्या हाती सुगंधी वडी देऊ नका. राखेचं पिंप द्या.