घेवडा का शिजेना?

पास्ता ए फाजोली हे इटलीतलं गरिबाघरचं सूप. वाळवलेला घेवडा, मूठभर पास्ता, कांदा, गाजर, थोडा टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, बस. पहिल्यांदा केलं तेव्हा मी कांदा-गाजर परतलं, त्यावर टोमॅटो घातले आणि रात्रभर भिजवलेला घेवडा त्यातच उकळायला ठेवला. तीन तास झाले, दोनदा पाणी वाढवलं, तरी दाणा दाताखाली कचकच वाजत होता. घेवडा जुना असेल असं वाटलं. पुढच्या वेळी त्याच पाकिटातला घेवडा नुसत्या पाण्यात शिजवला आणि तो तासाभरात लोण्यासारखा मऊ झाला. घोळ टोमॅटोचा होता.

आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचं, हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. मला वाटायचं, ते फक्त चवीसाठी. पण त्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे.

घेवड्याचा दाणा म्हणजे असंख्य सूक्ष्म पेशी, आणि त्यांना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन. पेरूची जेली घट्ट होते ती ह्याच पेक्टिनमुळे. दाणा ‘शिजला’ असं आपण म्हणतो तेव्हा हे पेक्टिन विरघळून पेशी सुट्या झालेल्या असतात. पाणी आंबट असेल तर पेक्टिनच्या लांबलचक साखळ्या तुटायला फार वेळ लागतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तर त्या साखळ्यांना आणखी घट्ट बांधतात. म्हणून बोअरच्या जड पाण्यात कडधान्य लवकर शिजत नाही. उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या दाण्यात तर ही बांधणी आतल्या आत होत जाते. दाण्यातल्या फायटेट नावाच्या फॉस्फरसयुक्त संयुगाने धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सुटतं आणि पेक्टिनला जाऊन चिकटतं. असा दाणा मग कितीही उकळा, हट्ट सोडत नाही.

इथे मीठ मदतीला येतं. मिठाने कडधान्य कडक होतं असं अनेक घरांत मानतात, पण भिजवण्याच्या पाण्यात मीठ घालून बघाच. लिटरभर पाण्याला साधारण १५ ग्रॅम पुरे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ होते आणि शिजताना फाटत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडाही पेक्टिन झपाट्याने तोडतो, पण जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. मी सोडा फक्त जुन्या घेवड्यालाच वापरते.

घेवडा कुठला घ्यावा? उत्तर इटलीत, व्हेनेतो भागात, गुलाबी अंगावर लाल रेघा असलेला बोर्लोत्ती वापरतात, आणि त्यातही लामोन गावच्या घेवड्याचा मान मोठा. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा ज्याने पाहिला आहे त्याला बोर्लोत्ती ओळखीचाच वाटेल. दोन्ही एकाच जातीचे, फॅसिओलस व्हल्गॅरिस. राजमा आणि फरसबीही त्याच जातीत मोडतात. वाघ्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, तेव्हा आयात पाकिटापेक्षा तोच आणावा. शिजल्यावर बोर्लोत्तीच्या रेघा नाहीशा होतात, कारण तो रंग पाण्यात विरघळणारा असतो.

ही जात मूळची अमेरिका खंडातली, कोलंबसनंतर युरोपात आली. त्याआधी इटलीत चवळी खात. रोमच्या कोलोन्ना गॅलरीत आन्निबाले कार्राच्चीने १५८०च्या दशकात काढलेलं एक चित्र आहे. एक कष्टकरी माणूस तोंडाशी चमचा नेतोय, समोर वाडगा. त्या वाडग्यातले दाणे नीट पाहा, काळ्या डोळ्यांची चवळीच आहे ती.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. घेवड्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबाला पुरतात. भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात दाणे किमान अर्धा तास खळखळ उकळू द्या. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात (स्लो कुकरमध्ये) पाणी अनेकदा नीट उकळी घेत नाही, आणि ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला दाणा कच्च्यापेक्षाही अपायकारक ठरू शकतो. आपल्या प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जातं, त्यामुळे तिथे ही काळजी नाही. फेकलेल्या पाण्याबरोबर रॅफिनोज, स्टॅकिओज ह्या शर्कराही थोड्या निघून जातात. त्या पचवणारं विकर माणसाकडे नसतं, मग मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि पोटात वायू धरतो.

आता दाटपणा. २०० ग्रॅम घेवडा शिजला की त्यातला एक तृतीयांश बाजूला काढून रवीने घोटा. अख्ख्या दाण्यातला स्टार्च पेशींच्या भिंतीआड कोंडलेला असतो. घोटलं की भिंती फुटतात आणि तो रसात उतरतो. दुसऱ्या भांड्यात ऑलिव्ह तेलात बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी मंद आचेवर परता, दोन टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत शिजवा, मग ते सगळं घेवड्यात ओता. मऊ झालेल्या दाण्याला आता आंबटाची भीती नाही. पार्मेजानो चीजची वाळकी साल घरात असेल तर तीही ह्याच वेळी टाका. तिच्यात ग्लुटामेट भरपूर असतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रवनस्पतीतून वेगळं काढलेलं आणि ज्याच्या भरीव चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं ते हेच. टोमॅटोतही ते असतं. मांस न घालता सुपाला जो भरीवपणा येतो, तो ह्या दोघांमुळे.

पास्ता सर्वांत शेवटी, आणि तो सुपातच शिजवायचा. नेपल्समध्ये ह्यासाठी वेगवेगळ्या आकारांच्या पास्त्याचं मिश्रण घेतात. डब्यांच्या तळाशी उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत, म्हणून सुरू झालेली ही रीत. १२० ग्रॅम लहान नळीचा पास्ता पुरे. ड्युरम गव्हाच्या ग्लुटेनची जाळी स्टार्चला धरून ठेवते म्हणून तुकडे मोडत नाहीत, पण पृष्ठभागावरचा थोडा स्टार्च सुटतोच आणि वरून घातलेलं तेल त्या रसात मिसळून राहतं. वेगळ्या पाण्यात पास्ता उकळून ते पाणी ओतून दिलं, तर हा सगळा फायदा मोरीत जातो.

दाणा बोटांनी सहज चिरडेल आणि पास्ता जरा करकरीत असेल तेव्हाच गॅस बंद करा, दहा मिनिटं झाकून ठेवा. निवताना स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येतात, म्हणून दुसऱ्या दिवशी भांड्यात सुपाऐवजी घट्ट गोळा दिसेल. त्यात गरम पाणी घालून मंद आचेवर हलवत राहा. उद्यासाठी मुद्दाम करायचं असेल तर पास्ता न घालता घेवड्याचा रस्सा तेवढा ठेवा.