शकुंतला टेबलावर आणायची तर: मॉडेल रेल्वेच्या गेजची जुनी गोष्ट

मॉडेल रेल्वेचा छंद सुरू करायचा म्हटलं की पहिलाच प्रश्न पडतो, स्केल कोणतं घेऊ, आणि मग एचओ, ओओ, एन असली अक्षरं वाचून माणूस तिथंच कंटाळतो, मीपण वर्षभर कंटाळून बसलो होतो. टेबलावर चालवायची होती ती शकुंतला, आमच्या वऱ्हाडातली अरुंद रुळांची जुनी गाडी. ही अक्षरं आली कुठून ते कळल्यावरच गाडी पुढं सरकली.

गोष्ट सुरू होते जर्मनीत. ग्योपिंगेन नावाच्या गावात मेर्कलिन घराण्याचा १८५९ पासूनचा धंदा म्हणजे पत्र्याची भातुकली. भातुकलीचं कसं असतं, एकदा पोरीला सेट घेऊन दिला की पुढच्या वर्षी तवा, त्याच्या पुढच्या वर्षी परात, बापाची सुटका नाही. हेच डोकं त्यांनी रेल्वेला लावलं. १८९१ ला लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत त्यांनी चावीची गाडी रुळांसकट मांडली आणि रुळांना ठरलेली मापं दिली, १ नंबर, २ नंबर असे. खेळण्यातल्या गाड्या त्याआधीही होत्याच, पण आता मापच ठरल्यामुळं आज इंजिन, उद्या डब्बा, परवा सांधा असं जोडत जाता यायला लागलं. माझ्या मते छंद म्हणतात तो खरा इथून सुरू झाला, त्याआधी नुसतं खेळणं होतं.

पुढं लहान गाडी पाहिजे झाली. १ च्या खाली काय, तर शून्य, रूळ ३२ मिमीचे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं, त्यालाच गेज म्हणतात. त्याच्याही निम्मं म्हणजे हाफ झीरो, तेच एचओ. म्हणजे त्यातला ओ हा ओ नाहीच बाप्पा, तो शून्य आहे! निम्मं केलं तर १६ यायला पाहिजे, ठरलं १६.५ मिमी, आणि स्केल एकास ८७, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ व्या भागाएवढी गाडी.

इंग्रजांनी इथंही आपलं वेगळंच केलं. त्यांची खरी इंजिनं अंगानं बारीक, त्या काळची मोटर एकास ८७ च्या बॉडीत मावेना, म्हणून बॉडी एकास ७६ ची केली अन् खाली रूळ तेच १६.५ चे ठेवले. हे झालं ओओ. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीनं, पट्ट्या-स्क्रूच्या मेकॅनो खेळण्यावाला तोच, १९२० ला चावीच्या गाड्या काढल्या होत्या आणि १९३८ ला त्याच्या कंपनीनं ओओ मापाची डब्लो आणली, ती तिथं इतकी रुळली की आजही इंग्लंडात हाच घोळ सुखानं चालू आहे. अंग पैलवानाचं, पाय बगळ्याचे. ९ मिमी रुळाचं एन स्केल मात्र बरंच उशिरा, १९६० च्या दशकात आलं, मोटर तेवढी बारीक व्हायला वेळ लागला.

आता आपलं बघा. जगातल्या निम्म्याहून जास्त रेल्वेचा रूळ १४३५ मिमीचा, त्याला ८७ नं भागलं की बरोबर १६.५ येतात. आपला ब्रॉडगेज १६७६ चा, भागले तर १९ च्या वर जातात. म्हणजे एचओच्या तयार रुळावर आपली विदर्भ एक्सप्रेस ठेवली की ती बगळ्याच्याच जातीत गेली. पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघितलं होतं, तिथून जीव भाळून आलो आणि घरी येऊन या भागाकारात अडकलो.

मग एक दिवस सहज ७६२ ला ८७ नं भागलं. ७६२ म्हणजे आपली नॅरोगेज, शकुंतला. उत्तर आलं ८.७६, म्हणजे जवळपास ९, आणि ९ मिमीचा रूळ तर एन स्केलचा तयार मिळतो! युरोपातल्या डोंगरी नॅरोगेजवाल्यांनी ही युक्ती आधीच केलेली, एचओई म्हणतात तिला. एन स्केलचं छोटं इंजिन घ्यायचं, वरची बॉडी काढून ठेवायची आणि खालच्या चेसिसवर आपली एकास ८७ ची बॉडी पुठ्ठ्यातून कापून बसवायची.

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून एक फाटा दारव्ह्यावरून यवतमाळला, दुसरा अंजनगाववरून अचलपूरला, सगळी मिळून १९० किलोमीटरच्या आसपास. किलिक निक्सन कंपनीनं ती टाकली ती वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाईनीवर आणून मुंबईकडं आणि पुढं बोटीनं मँचेस्टरला न्यायला. आणि तिला ओढणारं झेडडी इंजिन १९२१ साली बनलं तेही मँचेस्टरलाच, जाताना कापूस, येताना इंजिन. सत्तर वर्षं ते कोळशावर पळालं, १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल आलं. आता तर गाडीच बंद. नॅरोगेजची इंजिनं जवळून बघायची तर नागपूरला मोतीबागच्या म्युझियममध्ये जा, टेप घेऊन जा.

माझी गाडी सध्या जुन्या दाराच्या फळीवर चालते. १२ व्होल्ट डीसी, व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, वायर उलट्या केल्या की गाडी मागं येते, एवढंच. लाईट गेली तर फवारणीच्या पंपाची बॅटरी लावतो, तीपण १२ चीच. दिवाळीनंतर मात्र वांधे होतात, कारण त्याच खोलीत कापसाची गंजी लागते, पिंज उडून गिअरमध्ये गुंडाळली जाते आणि इंजिन दोन फेऱ्यांत कण्हायला लागतं. मग चिमट्यानं एकेक तार ओढून काढायची, चाकं रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची.

बाबा पहिल्यांदा बघायला आले तेव्हा बराच वेळ उकिडवे बसून होते, ते लहानपणी बनोश्यावरून त्याच गाडीनं अचलपूरला जायचे. म्हणाले, "सारे बसाचेच डब्बे लावले काय रे? कापसाचा डब्बा काहून नाही?"

तो आता अर्धा झालाय, दारं राहिलीत.